सकाळच्या बाई, रात्रीच्या बाई: निवासी देखभालीच्या एका निवडीचे प्रकरण

या प्रकरणातील बाई पुण्याच्या एका पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. वय ७९. एका अनुदानित शाळेत ३२ वर्षे गणित आणि भूगोल शिकवून त्या निवृत्त झालेल्या. पतीच्या निधनाला अकरा वर्षे होऊन गेली होती, मुलगा न्यू जर्सीत स्थायिक होता आणि मुलगी ठाण्यात नोकरी करत होती. माजी विद्यार्थी, शेजारी आणि पुढे संस्थेतील कर्मचारीही त्यांना ‘बाई’च म्हणत, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम, त्यांतील चुका आणि त्या चुकांमधला माझा, म्हणजे समुपदेशक म्हणून या कुटुंबाबरोबर काम करणाऱ्या व्यक्तीचा, वाटा बदललेला नाही.

जून २०२३ मध्ये बाई न्हाणीघरात पडल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण तिसऱ्या दिवशी त्यांना भ्रम सुरू झाला: परिचारिकेला त्या मुख्याध्यापिका समजू लागल्या आणि सलाइनची नळी काढून ‘तास सुरू झाला’ म्हणून उठू लागल्या. वृद्धांमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम अनेकदा आढळतो आणि बऱ्याचदा तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. त्या काळात रुग्णाच्या बुद्धीची परीक्षा घेऊन काही कायमचा निष्कर्ष काढू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही रुग्णालयाच्या बिछान्याशेजारी बसूनच अमेरिकेतून आलेल्या मुलाने तीन संस्थांची माहितीपत्रके मागवली होती. त्याची घाई समजण्यासारखी होती, कारण त्याची रजा संपत आली होती. निवासी देखभालीचे किती निर्णय रुग्णाच्या प्रकृतीऐवजी मुलाच्या परतीच्या तिकिटावरून ठरतात, याची नोंद कोणी ठेवत नाही.

सुदैवाने त्या वेळी काही ठरले नाही. बाई सहा आठवडे मुलीकडे ठाण्याला राहिल्या, वॉकर घेऊन चालू लागल्या आणि ‘माझं घर आहे’ असे म्हणून पुण्याला परतल्या. घरी देखभालीसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा-बारा तासांच्या दोन मावशी ठेवण्यात आल्या. ऑगस्टच्या अखेरीस स्मृतितज्ज्ञाकडे तपासणी झाली. ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांचे अहवाल ठीक होते. स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या, मराठीतून घेतल्या जाणाऱ्या मॉन्ट्रियल चाचणीत ३० पैकी १७ गुण मिळाले. या चाचणीत साधारणपणे २६ किंवा त्याहून अधिक गुण निकोप मानले जातात. मुलीने दिलेल्या माहितीवरून असेही दिसले की पडण्याच्या आधीची किमान दोन वर्षे बाईंच्या हिशेबात, औषधांत आणि रस्ते ओळखण्यात गोंधळ होत होता. शेजारपाजारच्या सवयीने तो झाकला गेला होता इतकेच. अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

माझ्याकडे हे कुटुंब सप्टेंबरमध्ये आले. तोवर रात्रपाळीच्या चार मावशी बदलल्या होत्या. ब्युरो दरवेळी निराळे कारण देत असे. खरे कारण पाचव्या मावशीने सांगितले, पण तेव्हा मी ते नीट ऐकले नाही. ती म्हणाली होती, “आजी दिवसा फार चांगल्या आहेत, ताई. रात्री डोळ्याला डोळा लागू देत नाहीत.”

पहिली निवड

मी बाईंना तीन वेळा भेटले आणि तिन्ही भेटी सकाळी अकराच्या सुमाराच्या होत्या. त्या वेळी बाई न्हाऊन, वेणी घालून, वर्तमानपत्र पुढे घेऊन बसलेल्या असत. त्या मला महाराष्ट्रातील नद्यांची नावे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत क्रमाने सांगत आणि एकही नाव चुकत नसे. दैनंदिन स्वावलंबन मोजण्यासाठी कॅट्झ यांची जी सहा बाबींची मोजपट्टी वापरतात, म्हणजे अंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण, तिच्यात त्यांना मी सहापैकी पाच गुण दिले. फक्त अंघोळीला मदत लागत होती. पैशांचे व्यवहार, औषधे, स्वयंपाक, फोन, प्रवास अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांसाठी लॉटन यांची आठ बाबींची पट्टी आहे, तिच्यात मात्र त्या फार मागे होत्या. या दोन आकड्यांतून एक सरळ चित्र तयार झाले: शरीराने बऱ्यापैकी स्वावलंबी, पण घर चालवण्यास असमर्थ. अशा व्यक्तीस जेवण, साफसफाई, औषधांची आठवण आणि सोबत मिळाली की पुरते, असे मी लेखी मत दिले.

त्या मताला जुळणारा पर्याय म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठीचे निवासी संकुल. पुण्यात अशा संकुलांची परंपरा आता बरीच जुनी आहे, आणि २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, न घसरणाऱ्या फरशा, दारांची रुंदी इत्यादींचे निकषही ठरवून दिले आहेत. हे निकष उपयोगी आहेत, पण ते इमारतीविषयी आहेत, देखभालीविषयी नाहीत. शहराबाहेरच्या एका संकुलात एक खोली, भोजनगृह, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आणि उशाशी घंटा, असा सगळा बेत ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरला. अनामत तीन लाख, दरमहा ४२,००० रुपये. घरी दोन मावशींवर महिना ५१,००० खर्च होत होते. त्यामुळे मुलाला हा पर्याय स्वस्तही वाटला आणि प्रतिष्ठेचाही. बाईंनाही बाग आवडली. त्यांनी आपली तुळस सोबत नेली.

पाचव्या आठवड्यात, पहाटे पाचला दहा मिनिटे असताना, बाई इस्त्रीची साडी नेसून आणि पर्स घेऊन फाटकाबाहेर पडल्या व अर्ध्या किलोमीटरवरच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दूध घालणाऱ्या मुलाने त्यांना परत आणले. शाळेची पहिली बस चुकू नये, इतकाच त्यांचा हेतू होता. दहा दिवसांनी रात्री अडीच वाजता त्या जिन्यावर पडलेल्या आढळल्या. कपाळाला चार टाके पडले. घंटा उशाशीच होती. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस घंटा कशासाठी आहे हेच आठवत नाही, ही साधी गोष्ट संकुलाच्या, कुटुंबाच्या आणि माझ्या, कोणाच्याही लक्षात आली नव्हती. त्यानंतर व्यवस्थापनाचे पत्र आले की एक तर स्वखर्चाने रात्रीची मावशी ठेवा किंवा महिन्याभरात खोली रिकामी करा. करारात ‘निवासी व्यक्ती स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणारी असावी’ असे कलम होतेच. रात्रीची मावशी धरून खर्च ६९,००० वर जात होता, आणि ती मावशी झोपणार नाही याची हमी कोणीच देत नव्हते.

चौदा रात्रींची वही

डिसेंबरमध्ये मुलीने रजा घेतली आणि ती त्याच खोलीत आईबरोबर राहिली. आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. प्रत्येक पानावर एक रात्र: किती वाजता जाग आली, कशामुळे आली असावी, बाई काय म्हणाल्या, पुन्हा केव्हा झोपल्या, किती जणांची मदत लागली. चौदा रात्रींत बाई सरासरी साडेपाच वेळा उठल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण लघवीचे होते. संध्याकाळी पाच ते सात या कातरवेळी त्यांची अस्वस्थता वाढत असे, दिवे लागले की ‘आता घरी जाते’ सुरू होई, आणि त्या अस्वस्थतेतच जेवण अर्धवट राही. कॅट्झ यांच्या पट्टीवर रात्री अकरा वाजता गुण दिले असते तर ते पाच नव्हे, दोन झाले असते.

ही वही घेऊन आम्ही प्रथम कोणत्याही संस्थेकडे न जाता डॉक्टरांकडे गेलो, आणि या प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय होता असे मी आजही मानते. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर दिली जात होती. ती डॉक्टरांनी सकाळी द्यायला सांगितली. बद्धकोष्ठावर उपचार झाला. तीन आठवड्यांत रात्री जाग येण्याचे प्रमाण साडेपाच वेळांवरून तीनवर आले. संसर्गाच्या आणि चुकीच्या वेळी दिलेल्या गोळीच्या दिवसांत आपण संस्था निवडली असती, तर बाईंना गरजेपेक्षा कितीतरी बंदिस्त ठिकाणी नेऊन ठेवले असते. तरीही तीन वेळा जाग येणे हे उरलेच होते, आणि त्या तीन वेळांना एक जागे माणूस हवे होते.

यानंतर पर्यायांकडे पुन्हा पाहणे सोपे झाले, कारण प्रश्न ‘बाईंसाठी कोणती संस्था चांगली’ असा न राहता ‘रात्री दोन वाजता कोण जागे असेल’ असा झाला. धर्मादाय वृद्धाश्रम या कसोटीवर लगेच बाद झाले. त्यांतले बहुतेक, आणि ते उघडपणे तसे सांगतात, स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठीच असतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम राज्याने स्थापन करावा असे म्हटले आहे, पण बाई निराधार नव्हत्या आणि त्यांची गरज निवाऱ्याची नव्हती. शुश्रूषा केंद्रात परिचारिका जागी असते. परंतु तिथे रुग्ण खाटेवर असतो, आणि चालणाऱ्या, हिंडणाऱ्या व्यक्तीला तिथे दिवसभर खाटेवर ठेवले तर तिचे चालणेच जाते. घरी तीन पाळ्या ठेवणे शक्य होते, पण दुसरा मजला, लिफ्टचा अभाव आणि ठाण्याहून चालवायचे व्यवस्थापन पाहता मुलीने त्याला स्पष्ट नकार दिला. तो नकार मी योग्य मानते. मुलीच्या प्रकृतीचा हिशेबही या वहीत धरायला हवा होता. उरला तो स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग असलेल्या सहायक निवासाचा, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाचा, पर्याय.

सहा ठिकाणे, संध्याकाळी

आम्ही सहा ठिकाणे पाहिली, आणि यावेळी एकही सकाळी नाही. सकाळी अकराला प्रत्येक संस्था चांगली दिसते. फरशी पुसलेली असते, भजन चालू असते आणि व्यवस्थापक हजर असतो. संध्याकाळी साडेसहाला गेल्यास पाळी बदलताना काय होते, अस्वस्थ झालेल्या आजोबांशी मावशी कोणत्या आवाजात बोलते, जेवण भरवताना ती उभी असते की बसलेली, हे सारे न विचारता दिसते.

‘रात्री किती कर्मचारी असतात?’ या प्रश्नाला सहाही ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळाले. ‘रात्री किती जण जागे असतात?’ या प्रश्नावर दोन ठिकाणी शांतता पसरली. एका ठिकाणी चौदा जणांमागे एक मावशी होती आणि ती त्याच दालनात गादी घालून झोपत असे. दुसऱ्या एका ठिकाणी, बाईंसारख्या उठणाऱ्या व्यक्तीचे काय करता असे विचारल्यावर, व्यवस्थापकांनी अगदी सहजपणे सांगितले की रात्री थोडा वेळ हात मऊ कापडाने बांधतो, पडू नयेत म्हणून. त्यांच्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक चिंताजनक वाटले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील आजाराच्या व्याख्येत स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांचे गंभीर बिघाडही येतात. आणि त्या कायद्यानुसार बांधून ठेवणे हा उपाय तातडीची इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि नोंद ठेवूनच करता येतो. रोजच्या सोयीसाठी नाही. म्हणून संस्थेची नोंदणी नेमकी कोणती, न्यास म्हणून, कंपनी म्हणून, शुश्रूषागृह म्हणून की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारले. पाटी सारखी असली तरी उत्तरे फार वेगवेगळी आली.

आणखी एक प्रश्न मुलीने स्वतः शोधून काढला: मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले तर सोबत कोण जाईल, आणि मी ठाण्याहून पोचेपर्यंत तिच्याजवळ कोण बसेल? चार संस्थांचे उत्तर ‘रुग्णवाहिका आम्ही बोलावतो’ एवढ्यावरच थांबले.

शेवटी निवडलेली जागा दिसायला सर्वांत साधी होती. जुना बंगला, वीस निवासी, त्यांतले नऊ स्मृतिभ्रंशाच्या विभागात. रात्री त्या नऊ जणांमागे दोन मावशी आलटून पालटून जाग्या आणि एक परिचारिका. मागच्या अंगणात गोल फिरता येईल अशी वाट होती, म्हणजे हिंडणाऱ्या माणसाला बंद दारापाशी येऊन अडावे लागत नाही. पडण्याच्या घटनांची नोंदवही त्यांनी मागितल्याबरोबर दाखवली, आणि तिच्यात नोंदी होत्या. कोरी नोंदवही पाहिली असती तर मला अधिक शंका आली असती. कर्मचारी मराठी बोलणारे होते, ही गोष्ट मुलाला किरकोळ वाटली. पण स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेल्या भाषा आधी निसटतात आणि लहानपणची भाषा उशिरापर्यंत टिकते, हे लक्षात घेता ती किरकोळ नव्हती.

बाईंची संमती हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता. ‘मला घरी राहायचं आहे’ हे त्यांचे वाक्य मुलगी रडत रडत सांगे. एका सकाळी आम्ही बाईंना त्यांचे घर कसे आहे ते विचारले, तेव्हा त्यांनी वाईच्या वाड्याचे, कृष्णेच्या घाटाचे आणि आईच्या चुलीचे वर्णन केले. पेठेतला दुसरा मजला त्यांच्या ‘घरात’ नव्हताच. याचा अर्थ त्यांची इच्छा दुर्लक्षावी असा मी घेतला नाही. पण कोणत्या गोष्टींबाबत त्यांची इच्छा आजही स्पष्ट आहे ते शोधले. पहाटे साडेपाचचा चहा, मिणमिणता का होईना पण रात्रभर दिवा, अंघोळीला पुरुष कर्मचारी नको, आणि कोणीही एकेरीत हाक मारू नये. ही चार वाक्ये करारासोबत जोडली. जानेवारी २०२४ मध्ये पंधरा दिवसांचा तात्पुरता मुक्काम करून पाहिला, त्या काळातही वही चालू ठेवली, आणि फेब्रुवारीत बाई तिथे राहायला गेल्या.

पैसा आणि कागद

खर्च दरमहा ५८,००० ठरला. औषधे, डायपर आणि रुग्णालय वेगळे. निवृत्तिवेतन ४१,००० होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेल्या पंधरा लाखांवर तेव्हाच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला सुमारे १०,२५० येत. उरलेला फरक भावंडांनी निम्मा निम्मा घेतला. करारात दरवर्षी आठ टक्के वाढ होती, आणि ती कोणी मोजली नव्हती. तीन वाढींनंतर हाच खर्च सुमारे ७३,००० होतो, हे कागदावर मांडल्यावर मुलाने पेठेतली जागा विकायचा विषय बाजूला ठेवून ती भाड्याने देण्याचे मान्य केले. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, निवासी देखभालीसाठी नाही. पहिल्या संकुलाकडून अनामत परत मिळायला सात महिने लागले, तीही कापून.

मुलाला आईकडून सर्वाधिकारपत्र करून घ्यायचे होते. वकिलांनी त्याला थांबवले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती मनाने सक्षम राहिली नाही की त्या अधिकारपत्राचे बळ संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते हवे असते त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. निदान होण्यापूर्वी, किंवा अगदी सुरुवातीच्या काळात, मृत्युपत्र आणि उपचारांविषयीचे प्रतिनिधिपत्र करून ठेवले असते तर पुष्कळ सोपे झाले असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे, तिचा उपयोग करून एका स्वच्छ सकाळी, डॉक्टरांसमोर, बाईंनी मुलीचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले. अक्षर अजून फळ्यावरचेच होते.

नऊ महिन्यांनंतर

नोव्हेंबर २०२४ च्या आढाव्यात बाईंचे वजन दीड किलोने वाढलेले होते, रात्री त्यांना दोन ते तीन वेळा जाग येत होती, आणि त्या काळात त्या दोनदा पडल्या होत्या, दोन्ही वेळा दिवसा आणि इजेशिवाय. कातरवेळेसाठी तिथल्या एका मावशीने युक्ती केली होती: दिवेलागणीला ती बाईंच्या हातात एक हजेरीपट देते आणि बाई सगळ्यांची हजेरी घेतात. बहुतेक दिवशी त्यात अर्धा तास छान जातो. काही दिवशी वर्गात मुले का नाहीत म्हणून त्या संतापतात, आणि मग ती युक्ती पुढचे चार दिवस कपाटात ठेवावी लागते.

मुलीने आपल्या भेटीची वेळ रविवार दुपारऐवजी शनिवार संध्याकाळ केली आहे. त्या वेळी आई तिला ओळखेलच असे नाही, हे तिला ठाऊक आहे. मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, पण त्याची सकाळ ही बाईंची कातरवेळ असल्याने बराच काळ हे कॉल भांडणात संपत होते. आता तो झोपण्यापूर्वी फोन करतो, तेव्हा पुण्यात सकाळ झालेली असते.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. गिळताना ठसका लागण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि नळीने आहार द्यावा लागल्यास रुग्ण ठेवणार की नाही याविषयी संस्थेचे कलम मोघम आहे. ते स्पष्ट करून घेण्याचे पत्र दिले असून उत्तर आलेले नाही. दुसरे, खाटेला खिळण्याची अवस्था आल्यास बाईंना पुन्हा हलवायचे की तिथेच वेदनाशामक सेवा मागवायची, यावर भावंडांचे एकमत नाही. पुढील आढावा एप्रिलमध्ये आहे. माझ्या वहीत त्याची वेळ सायंकाळी सहाची लिहिली आहे.